एमपीएलएस नेटवर्कमध्ये लेबलं वाटली कशी जातात: पाच राउटरांची लॅब, पायरी-पायरीने

एमपीएलएस म्हणजे पॅकेट आयपी पत्त्याऐवजी त्यावर लावलेल्या नंबराच्या, म्हणजे लेबलच्या, आधारे पुढे पाठवण्याची पद्धत. असं नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच. ग्राहकाचं व्हीपीएन बंद आहे, पण या टोकाच्या राउटरवरून त्या टोकाच्या लूपबॅकला पिंग सुरळीत जातंय. ओएसपीएफचे नेबर फुल, इंटरफेस अप, बीजीपीचं सेशन चालू. सगळीकडे हिरवं दिसतंय आणि ग्राहकाचं एकही पॅकेट पलीकडे पोचत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा लेबलांच्या वाटपात असतो, आणि वाटप नेमकं कसं होतं ते माहीत नसेल तर राउटर रीबूट करण्यापलीकडे काही सुचत नाही.

या लेखात आपण एलडीपी, म्हणजे लेबल डिस्ट्रिब्यूशन प्रोटोकॉल, लॅबमध्ये उभा करून त्याची प्रत्येक हालचाल टेबलांमध्ये बघणार आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: एलडीपीला रस्ता शोधता येत नाही. रस्ता ओएसपीएफ किंवा आयएसआयएस ठरवतो; एलडीपी त्या रस्त्यावर नंबर टाकत जातो. दोघांचं एकमत आहे तोवर सगळं ठीक. ते बिनसलं की वरची तक्रार आलीच म्हणून समजा.

कमांड मी सिस्को आयओएसच्या घेतल्या आहेत आणि उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा. वाचकाला ओएसपीएफ आणि आयपी राउटिंगची तोंडओळख आहे असं गृहीत धरलंय.

लेबल आणि त्याचा मालक

लेबल म्हणजे लेयर २ चा हेडर आणि आयपी हेडर यांच्या मध्ये बसणारे ३२ बिट. त्यातले २० बिट खुद्द लेबलचा आकडा, ३ बिट ट्रॅफिक क्लास (यांनाच पूर्वी ईएक्सपी म्हणत, अजूनही आउटपुटमध्ये तेच दिसतं), १ बिट 'हे स्टॅकमधलं शेवटचं लेबल आहे का' हे सांगणारा आणि ८ बिट टीटीएल. २० बिटांत साडेदहा लाखांच्या आसपास आकडे बसतात. त्यातले ० ते १५ राखीव आहेत. त्यांपैकी ० आणि ३ हे दोन लक्षात ठेवा, पुढे लागतील.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला आठवा. २०४ नंबरचा बिल्ला ज्या स्टँडने दिला त्याच स्टँडवर त्याला अर्थ आहे. शेजारच्या स्टँडवर त्याच नंबरावर भलत्याचीच चप्पल मिळेल. लेबलचंही असंच आहे. ते पूर्ण नेटवर्कचं नसतं, ज्या राउटरने दिलं त्याच्यापुरतंच असतं.

आता दिशा. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. समजा पॅकेट आर१ या राउटरकडून आर२, आर३ मार्गे आर४ कडे चाललंय, आणि आर४ चा पत्ता ४.४.४.४ आहे. आर१ पॅकेटवर लेबल लावून ते आर२ ला देतो. पण कुठलं लेबल लावायचं हे आर१ ठरवत नाही, आर२ ठरवतो. आर२ ने आधीच सांगून ठेवलेलं असतं: '४.४.४.४ साठी काही पाठवायचं असेल तर त्यावर २०४ लिहून पाठव, म्हणजे ते कुठे ढकलायचं ते मला कळेल.' लेबल नेहमी पुढचा राउटर देतो, मागचा लावतो. पॅकेट एका दिशेने जातं, लेबलांची खबर उलट्या दिशेने येते. एलडीपी, आरएसव्हीपी आणि बीजीपी, लेबलं वाटण्याच्या तिन्ही पद्धतींत हे असंच आहे.

मांडणी

पाच राउटर घ्या. आर१ – आर२ – आर३ – आर४ हा मुख्य रस्ता. आर२ – आर५ – आर४ हा पर्यायी रस्ता, त्यावर ओएसपीएफची कॉस्ट जास्त ठेवा. आर१ आणि आर४ हे टोकाचे, म्हणजे पीई. बाकीचे मधले, म्हणजे पी. लूपबॅक १.१.१.१/३२ पासून ५.५.५.५/३२ पर्यंत. लिंकचे पत्ते राउटरांच्या नंबरावरून द्या: आर२ आणि आर३ मधली लिंक १०.०.२३.०/२४, तिच्यावर आर२ चा पत्ता १०.०.२३.२ आणि आर३ चा १०.०.२३.३. लॅब उभारायला जीएनएस३ किंवा ईव्हीई-एनजी, यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर चालेल.

आयओएसची इमेज नसेल तर लिनक्सवर एफआरराउटिंग वापरता येतं. त्यातला एलडीपी डेमन मूळचा ओपनबीएसडीचा. लिनक्स कर्नलमध्ये एमपीएलएस ४.१ पासून आहे, पण तिथे एक खोच आहे. एमपीएलएस राउटर मॉड्यूल लोड करावं लागतं, 'नेट.एमपीएलएस.प्लॅटफॉर्म_लेबल्स' ही किंमत मुळात शून्य असते ती वाढवावी लागते, आणि प्रत्येक इंटरफेसवर एमपीएलएस इनपुट वेगळं चालू करावं लागतं. हे राहिलं तर एलडीपी सेशन झकास उभं राहतं, लेबलं येतात-जातात, आणि पॅकेट मात्र कर्नल टाकून देतो.

पायरी १: आधी आयजीपी (नेटवर्कच्या आतला राउटिंग प्रोटोकॉल, इथे ओएसपीएफ)

सगळ्या लिंक आणि लूपबॅक ओएसपीएफ एरिया ० मध्ये घाला. आर१ वरून ४.४.४.४ ला लूपबॅक सोर्स देऊन पिंग करा. ते चालत नसेल तर एमपीएलएसच्या वाटेला जाऊ नका.

लूपबॅकचा मास्क /३२ च आहे ना, हे इथेच तपासा. का, ते पुढे येईलच.

पायरी २: एलडीपी चालू करणं

लॅबमध्ये सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती आधी करून घ्या. आयओएस लेबलं १६ पासून वाटायला लागतो, त्यामुळे पाचही राउटरांवर १६, १७, १८ असेच आकडे दिसतात आणि कुठलं कोणी दिलं ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळी रेंज द्या. आर२ वर:

एमपीएलएस लेबल रेंज २०० २९९

आर३ वर ३०० ते ३९९, याप्रमाणे. हे एलडीपी चालू करण्याआधी करा, कारण आधीच वाटलेली लेबलं लगेच बदलत नाहीत. आता लेबलचा पहिला आकडा बघितला की देणारा राउटर कळेल.

मग प्रत्येक राउटरवर:

एमपीएलएस लेबल प्रोटोकॉल एलडीपी
एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक० फोर्स

आणि प्रत्येक आतल्या इंटरफेसवर:

एमपीएलएस आयपी

इंटरफेस बरेच असतील तर 'राउटर ओएसपीएफ'खाली 'एमपीएलएस एलडीपी ऑटोकॉन्फिग' दिलं की ओएसपीएफ जिथे-जिथे चालू आहे तिथे एलडीपी आपोआप चालू होतो. चालू नेटवर्कमध्ये मी हेच सुचवेन. एका लिंकवर 'एमपीएलएस आयपी' द्यायचं राहून गेलं आणि एके दिवशी सगळी वाहतूक त्याच लिंककडे वळली, हा किस्सा या धंद्यात सगळीकडे ऐकायला मिळतो.

'फोर्स' शब्दाबद्दल: तो दिला नाही तर राउटर-आयडी सध्याचा इंटरफेस डाउन होईपर्यंत बदलत नाही. दिला तर लगेच बदलतो आणि चालू सेशन तुटतात. लॅबमध्ये बिनधास्त द्या, चालू नेटवर्कवर वेळ बघून द्या.

पायरी ३: नेबर जुळतो कसा

इंटरफेसवर एलडीपी चालू झाला की राउटर दर ५ सेकंदांनी हॅलो पाठवतो, यूडीपी पोर्ट ६४६ वर, २२४.०.०.२ या मल्टिकास्ट पत्त्यावर. १५ सेकंद समोरून हॅलो आला नाही तर तो शेजारी गेला असं धरलं जातं. हॅलोमध्ये राउटर आपला एलडीपी आयडी सांगतो, उदाहरणार्थ ३.३.३.३:०. शेवटचं शून्य म्हणजे 'माझी लेबलं अख्ख्या राउटरसाठी एकच आहेत, इंटरफेसनिहाय वेगळी नाहीत.'

हॅलो पटले की टीसीपी सेशन, तेही पोर्ट ६४६ वरच, पण आता थेट लूपबॅक ते लूपबॅक. ज्याचा पत्ता मोठा तो फोन लावतो. आर२ आणि आर३ मध्ये ३.३.३.३ मोठा, म्हणून आर३ जोडणी सुरू करतो आणि ६४६ पोर्ट आर२ च्या बाजूला दिसतो. त्यानंतर इनिशियलायझेशन, कीपअलाइव्ह, आणि मग खरं काम.

बघायचं कसं:

शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी
शो एमपीएलएस एलडीपी नेबर

डिस्कव्हरीत प्रत्येक इंटरफेससमोर 'एक्समिट/रिसीव्ह' दिसलं पाहिजे. नुसतं 'एक्समिट' असेल तर आपण हाका मारतोय, समोरून उत्तर नाही: पलीकडे एलडीपी बंद आहे किंवा मध्ये एखादी अ‍ॅक्सेस लिस्ट यूडीपी ६४६ अडवतेय. 'नो राउट' दिसलं तर हॅलो आले आहेत, पण समोरच्याच्या लूपबॅकला जायचा मार्ग आपल्या राउटिंग टेबलात नाही. म्हणजे दोष एलडीपीचा नाही, ओएसपीएफचा आहे. नेबरमध्ये स्टेट 'ऑपर' पाहिजे. एलडीपी सेशन उभं राहत नाही अशा तक्रारींपैकी बहुतेक या दोन ओळींत सुटतात.

नेबरच्या आउटपुटच्या शेवटी 'अ‍ॅड्रेसेस बाउंड टू पीअर' अशी यादी असते. तिच्याकडे कोणी बघत नाही. पण पायरी ५ मध्ये सगळं तिच्यावरच अडतं.

पायरी ४: लेबलांचं गोदाम

सेशन उभं राहिलं की प्रत्येक राउटर आपल्या राउटिंग टेबलातल्या प्रत्येक आयजीपी आणि कनेक्टेड प्रीफिक्ससाठी स्वतःचं एक लेबल काढतो आणि 'लेबल मॅपिंग' संदेशाने ते सगळ्या नेबरांना कळवतो. कोणी मागण्याची वाट बघत नाही. बीजीपीने शिकलेल्या राउटना मात्र एलडीपी लेबल देत नाही.

आर२ वर बघा:

शो एमपीएलएस एलडीपी बाइंडिंग्ज ४.४.४.४ ३२

दिसेल ते साधारण असं: लोकल बाइंडिंग २०४. रिमोट बाइंडिंग तीन: १.१.१.१:० कडून १०४, ३.३.३.३:० कडून ३०४, ५.५.५.५:० कडून ५०४. (तुमच्याकडे शेवटचे आकडे वेगळे असतील; शतक तेवढं जुळलं पाहिजे.) या साठ्याला एलआयबी (लेबल इन्फर्मेशन बेस) म्हणतात.

इथे थांबून दोन गोष्टी बघा. आर१ नेही आर२ ला ४.४.४.४ साठी लेबल दिलंय, जरी आर१ चा आर४ कडचा रस्ताच आर२ मधून जातो. उलट आर२ ने आपलं २०४ आर३ लाही कळवलंय. एलडीपीमध्ये स्प्लिट होरायझन (ज्या बाजूने माहिती आली तिकडे ती परत न सांगणं) नावाची भानगड नाही. ज्याला-त्याला सगळं सांगून ठेवायचं. दुसरं म्हणजे आर२ ला सध्या फक्त ३०४ हवंय, तरी त्याने १०४ आणि ५०४ फेकून दिलेली नाहीत. याला लिबरल रिटेन्शन म्हणतात. मेमरी थोडी जास्त लागते, पण लिंक तुटली की त्याची किंमत वसूल होते.

वागण्याच्या अशा तीन जोड्या आहेत आणि त्या नावानिशी माहीत असाव्यात, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकत्र आली की फरक जाणवतो. लेबल न मागता द्यायचं की मागितल्यावर. मिळालेली सगळी ठेवायची की लागणारीच. आणि तिसरी जोडी सर्वांत महत्त्वाची: पुढून लेबल आलेलं नसतानाही आपलं लेबल मागे कळवायचं (इंडिपेंडंट), की पुढून आल्यावरच कळवायचं (ऑर्डर्ड). आयओएस इंडिपेंडंट आहे. ज्युनिपरचा जुनोस ऑर्डर्ड आहे. शिवाय जुनोस मुळात फक्त स्वतःच्या लूपबॅकसाठीच लेबल सुरू करतो, तर आयओएस लिंकच्या सबनेटांनाही लेबलं वाटत सुटतो. मिश्र नेटवर्कमध्ये सिस्कोच्या बाजूने हजारो निरुपयोगी बाइंडिंग येतात ती यामुळे. व्हीपीएनला लेबल लागतं ते फक्त पीईच्या लूपबॅकचं. म्हणून एलडीपी लेबल कॉन्फिगरेशनमध्ये 'अ‍ॅलोकेट ग्लोबल होस्ट-राउट्स' देऊन फक्त /३२ ना लेबल द्या. टेबल एकदम वाचण्याजोगं होतं.

पायरी ५: गोदामातून कामाच्या टेबलात

एलआयबीमध्ये सगळी लेबलं आहेत, पण पॅकेट ज्या टेबलावर चालतं ते वेगळं: एलएफआयबी (लेबल फॉरवर्डिंग इन्फर्मेशन बेस). एलआयबीतलं नेमकं एक लेबल तिथे कसं जातं, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा.

आर२ चा विचार करा. राउटिंग टेबल सांगतं: ४.४.४.४/३२ साठी नेक्स्ट हॉप १०.०.२३.३. एलआयबी सांगते: ३.३.३.३:० या नेबरने ३०४ दिलंय. पण १०.०.२३.३ म्हणजेच ३.३.३.३ हे आर२ ला कोणी सांगितलं? त्या न बघितल्या जाणाऱ्या यादीने. सेशन सुरू होताच प्रत्येक राउटर 'अ‍ॅड्रेस' संदेशातून आपल्या सगळ्या इंटरफेसचे पत्ते नेबरला कळवतो. आर२ त्या यादीत १०.०.२३.३ शोधतो, तो आर३ चा निघतो, मग आर३ ने दिलेलं ३०४ उचलतो आणि एलएफआयबीत ओळ लिहितो: २०४ आलं तर ३०४ करून त्या इंटरफेसवर पाठव.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात: प्रीफिक्स तंतोतंत तोच, नेक्स्ट हॉपचा मालक तोच, आणि त्या मालकाने लेबल दिलेलं असणं. एकही हुकली तर जाणाऱ्या लेबलच्या जागी आकडा येत नाही.

शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल ४.४.४.४ ३२

जाणाऱ्या लेबलच्या रकान्यात तीन प्रकार दिसू शकतात. आकडा असेल तर लेबल बदलायचं. 'पॉप लेबल' असेल तर वरचं एक लेबल काढायचं आणि खालचं जे असेल ते तसंच पुढे द्यायचं. 'नो लेबल' असेल तर पुढच्याने लेबल दिलेलंच नाही, त्यामुळे स्टॅकमधली सगळी लेबलं उतरवून नुसतं आयपी पॅकेट पुढे ढकलायचं. शेवटचे दोन दिसायला सारखे वाटतात आणि साध्या पिंगला दोन्ही सारखेच चालतात. म्हणून तर घोळ होतो.

आर३ वर 'पॉप लेबल' दिसेल. आर४ ने स्वतःच्या लूपबॅकसाठी लेबल ३ कळवलंय, इम्प्लिसिट नल. अर्थ: 'माझ्याकडे येण्याआधीच वरचं लेबल काढून टाक, मला दोनदा टेबल बघायला लावू नकोस.' ३ हा आकडा पॅकेटवर कधीच लिहिला जात नाही, फक्त संदेशात असतो. याची एक बाजू अशी की शेवटच्या टप्प्यात बाहेरच्या लेबलवरचे ट्रॅफिक क्लासचे बिटही लेबलबरोबर जातात. क्यूओएससाठी, म्हणजे कुठल्या वाहतुकीला प्राधान्य द्यायचं ते ठरवायला, ते हवेच असतील तर आर४ वर 'एमपीएलएस एलडीपी एक्स्प्लिसिट-नल' द्या. मग ३ ऐवजी ० जातो आणि तो खरोखर पॅकेटवर लावला जातो.

पायरी ६: पॅकेटमागे चालणं

आर१ वरून ४.४.४.४ ला ट्रेसराउट करा. आर२ च्या ओळीत लेबल २०४, आर३ च्या ओळीत ३०४, आर४ च्या ओळीत काहीच नाही. प्रत्येक ओळीतलं लेबल त्या राउटरला मिळालेलं, म्हणजे त्याने स्वतःच दिलेलं. शतकांची युक्ती इथे किती कामाला येते ते दिसेल.

व्हीपीएनच्या आतून ट्रेसराउट केलं तर एक गंमत दिसते: मधल्या सगळ्या हॉपची वेळ जवळपास शेवटच्या हॉपइतकीच. मधल्या राउटरला ग्राहकाचे राउट माहीत नसतात, त्यामुळे तो आपला 'टीटीएल संपला' हा निरोप त्याच लेबलांवर पुढे, शेवटच्या पीईपर्यंत पाठवतो आणि तिथून तो परत येतो. ग्राहक 'तुमचा दुसराच हॉप स्लो आहे' म्हणाला तर हे समजावून सांगावं लागतं.

पायरी ७: आता लिंक तोडा

आर२–आर३ लिंक शटडाउन करा आणि आर२ चं फॉरवर्डिंग टेबल बघा. ओएसपीएफने रस्ता आर५ कडे वळवताच २०४ ची ओळ ३०४ ऐवजी ५०४ कडे वळते. नवीन लेबल मागायला कोणी गेलं नाही, ते गोदामात होतंच. आर१ च्या टेबलात ४.४.४.४ साठीचं जाणारं लेबल अजूनही २०४ च. पुढे काय झालं हे त्याला कळण्याची गरजही पडली नाही.

तुटताना त्रास होत नाही. त्रास होतो लिंक परत येताना. 'नो शटडाउन' दिल्यावर ओएसपीएफ नेबर जुळतो आणि रस्ता लगेच आर३ कडे परत जातो, पण एलडीपीचे हॅलो, टीसीपी, मॅपिंग हे सगळं अजून चाललेलं असतं. तेवढा वेळ आर२ वर ४.४.४.४ समोर 'नो लेबल'. साधं आयपी चालतं, व्हीपीएनचं पॅकेट गडप. लिंक सुधारली आणि म्हणून सेवा बंद पडली, असा उफराटा प्रकार.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. 'राउटर ओएसपीएफ'खाली 'एमपीएलएस एलडीपी सिंक' दिलं की एलडीपी तयार होईपर्यंत ओएसपीएफ त्या लिंकची कॉस्ट ६५५३५, म्हणजे कमाल, जाहीर करतो. पर्याय असेल तोवर वाहतूक तिकडूनच जाते. ही पद्धत २००९ च्या आरएफसी ५४४३ मध्ये नोंदली आहे. दुसरा उपाय 'एमपीएलएस एलडीपी सेशन प्रोटेक्शन': आर२ आणि आर३ एकमेकांना थेट पत्त्यावर, म्हणजे टार्गेटेड, हॅलोही पाठवत राहतात. लिंक तुटली तरी आर५–आर४ वाटेने सेशन जिवंत राहतं, आणि लिंक आली की लेबलं हातातच असतात.

'नो लेबल' कुठून येतं

आता सुरुवातीची तक्रार सोडवू. व्हीपीएनच्या पॅकेटवर दोन लेबलं असतात. आतलं आर४ ने बीजीपीतून आर१ ला दिलेलं: 'हे पॅकेट अमुक ग्राहकाचं.' बाहेरचं आर४ च्या लूपबॅकचं, एलडीपीने आलेलं. मधल्या राउटरांना आतल्या लेबलचा पत्ताच नसतो. वाटेत कुठे 'नो लेबल' असेल तर तिथे दोन्ही लेबलांचा धागा तुटतो, आणि ग्राहकाचा खाजगी पत्ता असलेलं पॅकेट अशा राउटरकडे उरतं ज्याला तो पत्ता ठाऊक नाही. पिंगवर एकच लेबल असतं किंवा लेबलाशिवायही ते जातं, त्यामुळे ते पोचतं.

कारणं ठरलेली आहेत. कुठल्याशा लिंकवर एलडीपीच नाही, हे सर्वांत सोपं. मग लूपबॅकचा मास्क. आर४ वर ४.४.४.४/२४ देऊन बघा. ओएसपीएफ लूपबॅक /३२ म्हणूनच जाहीर करतो, मास्क काहीही असो. बाकीच्यांच्या टेबलात ४.४.४.४/३२ येतं आणि ते त्यासाठी लेबल काढतात. पण आर४ च्या स्वतःच्या टेबलात आहे ४.४.४.०/२४, आणि तो लेबलही त्याचंच देतो. आर३ ला /३२ चं लेबल आर४ कडून कधीच मिळत नाही. पिंग चालतं, व्हीपीएन मेलं. उपाय: /३२ मास्क, किंवा लूपबॅकवर 'आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट'. आयएसआयएसमध्ये हे होत नाही, तो दिलेला मास्क तसाच सांगतो.

तिसरं कारण समरायझेशन. एरियाच्या सीमेवर कोणीतरी नेटकेपणाने सगळे लूपबॅक एका /२४ मध्ये गुंडाळतो. पलीकडे /३२ उरतच नाही, आणि एलडीपीला प्रीफिक्स तंतोतंत लागतो. २००८ च्या आरएफसी ५२८३ ने लाँगेस्ट मॅचची सवलत दिली आहे, पण ती सगळीकडे चालू असेल या भरवशावर राहू नका. पीईचे लूपबॅक समराइझ करायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. बाकी मग लेबल वाटपावर लावलेली फिल्टर लिस्ट: नवा पीई आला, त्याचा लूपबॅक लिस्टमध्ये घालायचा राहिला.

शोधताना हॉपमागून हॉप 'शो एमपीएलएस फॉरवर्डिंग-टेबल' बघत जाण्याआधी हे करा:

पिंग एमपीएलएस आयपीव्ही४ ४.४.४.४/३२
ट्रेसराउट एमपीएलएस आयपीव्ही४ ४.४.४.४/३२

या पिंगमधलं पॅकेट लेबल लावून जातं आणि त्याचा आतला डेस्टिनेशन पत्ता १२७ ने सुरू होणारा असतो. वाटेत लेबल उतरलं तर त्या पत्त्यावर पुढे पाठवायला कोणताच राउटर धजत नाही, त्यामुळे साध्या पिंगसारखं ते फसवून पोचत नाही. ट्रेसराउट जिथे अडेल त्याच्या आसपासच दोष.

एक उपकारण वेगळं: छोटी पॅकेट जातात, मोठी जात नाहीत. ते लेबल वाटपाचं दुखणं नाही, एमटीयूचं, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराचं आहे. प्रत्येक लेबल ४ बाइट. दोन लेबलांसाठी १५०० चे १५०८ होतात. मधल्या सगळ्या लिंकवर, स्विचवरसुद्धा, तेवढी जागा ठेवा.

लेबलं वाटणारे इतर

आरएसव्हीपी-टीई वापरतात ते रस्ता स्वतः ठरवायचा असेल तेव्हा. सुरुवातीचा राउटर 'पाथ' संदेश पुढे पाठवून लेबल मागतो. शेवटच्या राउटरकडून 'रिझर्व्ह' संदेश मागे येतो आणि येता-येता प्रत्येक हॉप आपलं लेबल त्यात घालतो. हे मागितल्यावर आणि क्रमाने मिळणारं लेबल, म्हणजे आयओएसच्या एलडीपीच्या बरोबर उलट स्वभाव. फास्ट रीराउट (लिंक तुटताच आधीच तयार ठेवलेल्या वाटेने वळणं) हवं म्हणून अनेकांनी तो घेतला, पण प्रत्येक टनेलची स्थिती मधल्या प्रत्येक राउटरने सांभाळायची आणि ताजी ठेवत राहायची, हे ओझं मोठं आहे.

सेगमेंट राउटिंगने तर लेबल वाटणारा वेगळा प्रोटोकॉलच काढून टाकला. ओएसपीएफ किंवा आयएसआयएस लूपबॅकबरोबर एक इंडेक्सही जाहीर करतो. सिस्कोचा लेबल ब्लॉक मुळात १६००० ते २३९९९. आर४ चा इंडेक्स ४ ठेवला तर पाचही राउटरांवर आर४ म्हणजे १६००४. रस्ता सांगणारा आणि लेबल सांगणारा एकच, त्यामुळे सिंक आणि सेशन प्रोटेक्शन यांची गरजच उरत नाही.

जुन्या नेटवर्कमध्ये हा बदल करताना क्रम असा ठेवा. आधी एलडीपी चालू असतानाच सगळीकडे सेगमेंट राउटिंग चालू करा. सिस्कोवर लेबल दोन्हीकडून आलं तर मुळात एलडीपीचंच वापरलं जातं, त्यामुळे वाहतुकीला धक्का लागत नाही. प्रत्येक पीईच्या लूपबॅकला इंडेक्स मिळालाय आणि कुठलाही आकडा दोघांना दिलेला नाही हे तपासा. मग टोकाच्या राउटरांवर एकेक करून 'एसआर-प्रिफर' (एसआर म्हणजे सेगमेंट राउटिंग) द्या, आणि दर वेळी 'पिंग एमपीएलएस' व ट्रेसराउट करून १६००० च्या वरचे आकडे दिसताहेत ना ते बघा. जिथे जुनं यंत्र सेगमेंट राउटिंग बोलतच नाही, त्या टापूत एलडीपी ठेवावाच लागतो आणि त्या यंत्रांच्या वतीने इंडेक्स जाहीर करायला एक मॅपिंग सर्व्हर लागतो. 'एमपीएलएस आयपी' इंटरफेसवरून काढणं हे सगळ्यात शेवटी, फॉरवर्डिंग टेबलात एलडीपीच्या लेबलांवरचा बाइट काउंटर वाढायचा थांबलाय हे बघूनच.